ही सुई

मला जपानी भाषेत 'भूक लागली' एवढंही म्हणता येत नाही. वाट विचारता येत नाही, दारी आलेल्याला 'बसा' म्हणता येत नाही. पण पोवळं मागता येतं. मोती, स्फटिक, अकीक, तामडा, हिरा, सगळं मागता येतं. उद्या मला कुणी त्या देशात नेऊन सोडलं तर मी उपाशी मरेन, पण मरेन ती सराफ्यातच. परवा सुनेबरोबर लातूरच्या बाजारात सोनाराकडे गेले होते. काचेखाली लाल पोवळ्यांची सर दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगो." दुकानातला मुलगा नम्रपणे पुढे वाकून म्हणाला, "काय सांगू, आजी?" सुनेला वाटलं, म्हातारीचं काही खरं नाही. मग घरी आल्यावर तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ती म्हणाली, हे लिहून काढा. नाहीतर बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षाबद्दल लिहायचा माझा विचार नव्हता. त्या वर्षाचं नाव काढलं की लोक रडगाणं ऐकायच्या तयारीनं बसतात, आणि मला तर त्यातलं हसूच जास्त आठवतं.

आमचं घर धर्मापुरीत, गावच्या सहकारी सोसायटीच्या गोदामासमोर. आम्ही पटवेकरी. सोनार मणी घडवतो, पुतळ्या घडवतो, पण ते सगळं रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं काम आमच्या लोकांचं. आम्ही त्याला गाठवणं म्हणतो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवारचा कडक उपास, आणि करदोटे, काळे मणी, कुंकवाच्या डब्या खांद्यावर टाकून गावोगावचे बाजार करणं, हा आप्पांचा उद्योग. बोलून विकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. गाठवण्याचा हात मात्र आईचा. तिला आम्ही माय म्हणत असू. माय उंबऱ्याच्या आत, उजेडाच्या पट्ट्यात बसायची. उजवा पाय लांब करायची, अंगठ्याला रेशमाचा फास अडकवायची आणि ते रेशीम ताणून धरून त्यावर गाठी चढवत जायची. समोर पितळी ताटलीत मणी. सुईच्या टोकावर मणी उचलताना ताटलीत बारीक टिकटिक व्हायची आणि माय नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. ते गाणं नव्हतं, त्याला शब्द नव्हते. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला ती गुणगुण ऐकू यायची आणि कळायचं की काम आलंय, म्हणजे आज वरणाला लसणाची फोडणी असणार. रेशमाला स्वतःचा आवाज नसतो. माय म्हणायची, "रेशीम बोटावरनं पळताना बोललं, की समजावं कायतरी बिघडलं."

त्या वर्षी लग्नं थांबली. जी झाली ती हळदीच्या दोऱ्यात चार काळे मणी घालून उरकली. आप्पा बाजाराला जायचे आणि नेलेलं सगळं तसंच परत आणायचे. शेवटी माय सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी ती यायची ती केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन, आणि पदरात माझ्यासाठी कामावर खायला मिळालेली गोड सुकडी. मला ती सुकडी इतकी आवडायची की दुष्काळ संपला तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं होतं. घरात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलोच्या लाल भाकऱ्या, सोबत तरोट्याच्या पाल्याची भाजी आणि दगडी उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. भाकरी थंड झाली की चामड्यासारखी व्हायची. आप्पा दोन्ही हातांनी ती ताणत म्हणायचे, "पुढच्या जोड्याची सोय झाली," आणि माय हसायची. तिच्या हसण्यात खोट नव्हती.

खोट आली होती ती बोटांना. हातोडा धरून आणि दगड उचलून तिच्या बोटांची पेरं चिरली होती आणि चिरांच्या कडा भाजक्या कौलासारख्या कडक झाल्या होत्या. एक दिवस वरल्या आळीतली एक बाई तुटलेलं मंगळसूत्र घेऊन आली. माय आनंदानं पाय लांब करून बसली, रेशीम अंगठ्याला लावलं, आणि बोटांतून ओढलं मात्र, रेशीम टर्र बोललं. तिनं रेशमाचा दुसरा पदर घेतला. तोही बोलला, आणि त्याची कुसळं उभी राहिली. मायनं मंगळसूत्र परत रुमालात बांधलं. मग त्या बाईला म्हणाली, "परळीला घेऊन जा, बाई. माज्याच्यानं न्हाई व्हायाचं." सुया, मेण, रेशमाच्या लडी तिनं लाकडी पेटीत घातल्या आणि पेटी आढ्याजवळच्या फळीवर सरकवून दिली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतून ती गुणगुण गेली. मला दुष्काळ कळला तो तेव्हा. आड आटला तेव्हा कळला नव्हता.

अशात गावात बोरचं मशीन आलं. परदेशी मदतीतून आलेलं होतं म्हणे, आणि त्याच्याबरोबर एक जपानी माणूस. पन्नाशीचा, ठेंगणा, डोक्यावर कापडी टोपी, आणि कुणीही समोर आलं की कमरेत वाकणारा. त्याची राहायची सोय सोसायटीच्या गोदामात केली आणि जेवायची आमच्या घरी, कारण घर समोरच होतं, आणि आमच्याकडं अंडंसुद्धा चालत नाही हे कळूनही तो खूश होता. त्याचं आडनाव होतं मोरी. आता आमच्याकडे मोरी म्हणजे घरातली न्हाणी. गावातल्या झाडून सगळ्या मोऱ्या कोरड्या पडलेल्या असताना आमच्या दारात एक मोरी चालत आली होती. "मोरीला जेवाया बोलवा," असं म्हणायची पाळी आली की मायला हसू आवरायचं नाही. मशीनच्या गाडीवर हैदराबादचा मस्तान नावाचा ड्रायव्हर होता. साहेबांची मोडकीतोडकी हिंदी फक्त त्यालाच समजायची. त्यानं सांगितलं की जपानीत मोरी म्हणजे रान. आप्पा म्हणाले, "मंग रानसायेब म्हना की." शेवटी सगळ्यांनी जपानीसायेब म्हणायचं ठरवलं. तो मात्र मायला, मी हाक मारायची ते ऐकून, माय म्हणू लागला, आणि त्यांच्याकडच्या रीतीनं मानाचा 'सान' जोडून मायसान.

त्याचा एक शब्द मात्र गावाला पहिल्या दिवसापासून समजला असं वाटलं. काहीही विचारा, तो मान तुकवून म्हणायचा, "हाय." जेवण झालं का? हाय. भाकरी हाय का बरी? हाय. लोक चाट पडले. एवढ्या लांबून आलेला माणूस असली बीडची बोली बोलतो! पहिल्या बोरच्या वेळी सकाळपासून मशीनची धडधड चालली होती. बाया लांब उभ्या. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, "पानी हाय का, सायेब?" त्यानं टोपी काढली, वाकला आणि ठामपणे म्हणाला, "हाय!" झालं. बाया पळत सुटल्या. घागरी, हंडे, बादल्या, कुणी घाईत दुधाची चरवीच घेऊन आलेली. भली मोठी रांग लागली, आणि मशीन आपलं फुफाटा उडवतंय. जपानीसायेब एकदा रांगेकडे बघतोय, एकदा मस्तानकडे. मस्तानला उलगडा झाला तेव्हा तो पोट धरून खाली बसला. "अरे, इनके मुलुक में हाय मतलब 'जी, सुन लिया'!" मग आमच्या शेजारची म्हातारी रिकामी घागर कमरेवर सावरत म्हणाली, "हाय म्हनतो आन् देत न्हाई. मंग तर ह्यो आपल्याच पुढाऱ्यांतला हाय की." सगळी रांग हसली. त्या बोरला पाणी लागलं नाही, पण माणूस गावाचा झाला.

पुढे मशीनचा कुठलासा भाग मोडला आणि तो हैदराबादेहून येईपर्यंत साहेबांना काम उरलं नाही. आमच्या गावचं जुनं देऊळ पाहायला ते मस्तानला घेऊन निघाले आणि आप्पांनी मला बरोबर धाडलं. देवळाच्या भिंतींवर दगडी बाया आहेत. कुणी आरसा धरलेली, कुणी पायातला काटा काढणारी. सगळ्या दागिन्यांनी मढलेल्या. माय मला लहानपणी तिथं नेऊन दाखवायची, "बघ, ह्यांच्या माळा कवा तुटत न्हाईत. दगडातच गाठवल्यात." साहेबही त्या माळांपाशीच थबकले. मस्ताननं सांगितलं की त्यांचे वडील डोंगरातल्या एका गावात स्फटिक घासून मणी करायचे. आई ते ओवायची. मग काय, आमची शाळाच भरली. ते दगडी गळ्यातल्या एका मण्यावर बोट ठेवायचे, मी म्हणायची "मोती", ते म्हणायचे "शिंजू". अकीकाला मेनो. पोवळ्याला सांगो. हिऱ्याला कोंगोसेकी, तो शब्द म्हणताना तोंडात खडे घातल्यासारखं व्हायचं. तामड्याला झाकुरोइशी, म्हणजे डाळिंबाचा दगड. हे कळल्यावर मी एवढी हरखले की दिवसभर तेवढंच म्हणत फिरले, कारण डाळिंब खाऊन मला युगं लोटली होती. स्फटिकाला सुइशो, आणि त्यातला सुइ म्हणजे पाणी. घागरी उपड्या पडलेल्या गावात माणूस गोठलेल्या पाण्याचं नाव शिकवत होता. आणखी एक होता निळा दगड, रुरी. पुष्कळ वर्षांनी एका शिकलेल्या गृहस्थांनी मला सांगितलं की तो आपला वैडूर्यच, देशोदेशी फिरत जाऊन रुरी झालेला. मला एकदम माहेरची सासुरवाशीण भेटल्यासारखं वाटलं.

त्यांच्या स्वतःच्या मनगटावर हिरव्या मण्यांची एक माळ असायची. आईची जपाची माळ, मस्ताननं सांगितलं. त्या हिरव्या दगडाचं नाव होतं हीसुई. मी खोखो हसले. ही सुई! मी विचारलं, ह्यातही पाणी आहे का? साहेबांनी मान हलवली आणि धुळीत बोटानं एक पाखरू काढलं. लांब टोकदार चोच, आखूड शेपूट. आमच्या नदीवरचा खंड्या! त्याच्या रंगावरून त्या दगडाला नाव पडलेलं. त्याची चोच मला सुईसारखीच दिसली, म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. त्या वर्षी नदीवर खंड्या नव्हता. कशाला असेल?

तेवढ्यात माय कामावरून देवळाच्या वाटेनं आली. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडा. साहेबांना मला शेवटचा शब्द शिकवायचा होता, साधा दगड. त्यांनी भिंतीवर हात थापटला आणि म्हणाले, "इशि." आता हात थापटला तो नेमका एका दगडी बाईच्या कमरेखाली. अंगावर दागिन्यांशिवाय काही नसलेल्या बाईच्या. मायनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "इश्श!" साहेबांचा चेहरा उजळला. मायसानला जपानी येतं! "हाय, हाय, इशि!" असं म्हणत त्यांनी पुन्हा दोनदा थापटलं. माय पाटीसकट पळाली. घरी जाऊन तिनं आप्पांना सांगितलं, आणि आप्पांना जेवताना ठसका लागला.

मी ते शब्द घोकू लागले. घर झाडताना, गोवऱ्या रचताना, चुलीपुढे बसून. पांढरं ते शिंजू, लाल ते सांगो, हिरवं ते हीसुई. माय भाकरी थापत असायची. तिचं माझ्याकडे लक्षच नसायचं. फार झालं तर म्हणायची, "लई झाले मंतर. जाळ सार."

त्याच सुमारास एका संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन घरी आले. मोठे जमीनदार, पांढरं धोतर, जिल्ह्यात वजन असलेला माणूस, पण आमच्या ओसरीवर घोंगडीवर बसून गुळाचा चहा फुंकून फुंकून प्यायचे. म्हणाले, "वैनी, सोसायटीनं बायांसाटी काम काढलंय. खंबायतहून अकीकाचे मणी येनार. माळा गाठवून मुंबैला धाडायच्या. सावलीत बसून काम, बारा म्हैने. बायांना शिकवाया तुमच्यासारकं दुसरं कोन हाय?" माय दाराआड उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "माज्याच्यानं न्हाई व्हायाचं, दादा."

"कावून?"

आप्पांनी बोटांचं सांगितलं. चेअरमन हळहळले, पण तेही अडलेले होते. म्हणाले, "मंग हैदराबादचा उस्ताद बोलवावा लागंल. आन् तो म्हनतो, मी माजे कारागीर घेऊन येनार. म्हंजे आपल्या बाया ऱ्हायल्या सडकंवरच. अमुशेपर्यंत बगा, वैनी. मला लेखी न्हाई, तोंडी सांगा." ते गेल्यावर आप्पांनी फळीकडे बघून हळूच विचारलं, "पेटी काढू का?" माय म्हणाली, "राहू द्या." आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. मी विचारलं, रोज विचारलं, आणि रोज बोलणी खाल्ली. मला सावलीतलं काम, मुंबई, ह्यातलं काही नको होतं. मला माझी माय उंबऱ्यात पाय लांब करून बसलेली पाहिजे होती. बोटं बरी व्हायला सडक सुटायला हवी होती, सडक सुटायला सुई धरायला हवी होती, आणि सुई धरायला बोटं नव्हती. अमावास्या जवळ येत चालली, तशी मी देवाला नवस बोलून बघितला. नवसाला काय वाहायचं ते सुचेना, म्हणून सुकडी वाहीन म्हणाले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी कामाला सुट्टी होती. दुपारची वेळ. मस्तान मशीनचा भाग आला का बघायला परळीला गेलेला. आप्पा भिंतीला टेकून सुपारी कातरत होते, माय जोंधळ्याऐवजी नशिबी आलेला मिलो निवडत होती. जपानीसायेब एकटेच आले. बूट काढून उंबऱ्यापाशी गुडघे मोडून बसले आणि खिशातून रुमाल काढून उलगडला. आत हिरवे मणी, सुटे, आणि तुटलेला दोरा. बंद पडलेलं मशीन खोलताना कुठंतरी अडकून त्यांच्या आईची माळ तुटली होती. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला तो आमच्या वर्गातल्या कुणा रडवेल्या पोराचा वाटला. सांगायला मस्तान नाही. त्यांनी थोडी खटपट केली, शब्द सापडेनात. मग एक मणी तळहातावर घेऊन तो मायपुढे धरला आणि म्हणाले, "मायसान. हीसुई."

मायनं मण्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं. "ही सुई?" ती म्हणाली. "सुई पायजे व्हय तुमास्नी?"

"हाय," ते मान तुकवून म्हणाले. "हीसुई."

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर होतं, अगं माय, सुई नाही, त्या दगडाचं नाव आहे ते. घरात हे ठाऊक असलेली मी एकटी. आणि शब्द सांगून शहाणपण मिरवायची संधी मी कधी सोडत नसे. पण माय सूप बाजूला ठेवून उठत होती. आप्पांचा अडकित्ता थांबला होता. मी तोंड मिटलं, आणि इतकं घट्ट मिटलं की दात दुखले.

मायनं पाट घेतला, त्यावर चढली, फळीवरची पेटी काढली. पदरानं धूळ पुसली. उंबऱ्यात बसली, पाय लांब केला, अंगठ्याला रेशीम अडकवलं. पहिल्याच ओढीला ते टर्र बोललं. मला वाटलं, आता पेटी परत वर. मायनं ते रेशीम सोडलं नाही. हात उलटा करून बघितला. हातोड्यानं, दगडांनी बोटं आतल्या बाजूनं चिरली होती, पाठीमागची कातडी होती तशीच होती, मऊ. तिनं रेशमाला दुप्पट मेण लावलं आणि बोटांच्या पाठीवरून ते सावकाश फिरवून पाहिलं. आवाज आला नाही. "गिरजे," ती म्हणाली, "हिकडं ये. म्या सांगते तितं नखानं गाठ धर." मी गाठ धरली. तिनं उलट्या हातानं रेशीम ओढलं, मणी खाली आला, गाठ बसली. पुढचा मणी. पुढची गाठ. पहिल्या काही गाठी वाकड्या झाल्या, त्या तिनं सोडवून पुन्हा मारल्या. एका मण्याच्या छिद्रापाशी टवका उडालेला होता. तो तिनं बाजूला काढला. "ह्यो न्हाई. ह्याची कड दोरा कापंल." अर्धी माळ झाली असेल, आणि आप्पांनी एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं. मला आधी कळेना कशाला. मग मला ऐकू आली, माझ्या कानाशीच. ती गुणगुण.

माळ पुरी झाली, मागे लाल गोंडा लागला. त्यांच्याकडे तसा असतो की नाही कोण जाणे, पण आमच्याकडून गोंड्याशिवाय काही बाहेर पडत नाही. साहेबांनी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि मायपुढे इतके वाकले की टोपी जमिनीला टेकली. परपुरुष आपल्या पाया पडतो म्हणजे काय! मायच्या तोंडून निघालं, "इश्श!" साहेब वाकल्या वाकल्याच हसू लागले. टवक्याचा तो मणी त्यांनी माझ्या मुठीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी माय स्वतः सोसायटीत गेली. मी मागे. तिनं हात पदराखाली घेतले नाहीत. चेअरमनना म्हणाली, "दादा, उस्ताद बोलवू नगा. त्याची बोटं लोण्यावानी असत्याल. आमच्या बायांची बोटं अशी हायत. असल्या बोटांनी कसं गाठवायचं, त्ये मला ठावं झालंय." पंधरवड्यात गोदामाच्या एका बाजूला बायांची ओळ बसली. सगळ्यांच्या हातांना चिरा, सगळ्यांचे उजवे पाय लांब. एवढ्या अंगठ्यांना एकदम रेशीम अडकवलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाया आधी एकमेकींचे पाय बघून हसायच्या, मग माळा चांगल्या व्हायला लागल्या. मी शाळेतून सरळ तिथं जायची. अकीकाचे मणी आले की मी म्हणायची, "मेनो आले, मेनो," आणि काही दिवसांनी सगळ्या बाया त्यांना मेनोच म्हणू लागल्या. सोसायटीच्या त्या कोपऱ्यात अजून कुणी जुनी बाई भेटली तर विचारून बघा.

मशीन दुरुस्त झालं. देवळामागच्या जागेत बोरला पाणी लागलं. साहेबांनी दोन्ही हात वर करून "हाय! हाय!" म्हणून हाका मारल्या, पण पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत एक बाई घागर घेऊन हलली नाही. मग ते मशीन घेऊन तलवाड्याकडे गेले आणि तिथून त्यांच्या देशी. जाताना त्यांच्या मनगटावर माळ होती, गोंड्यासकट.

माय पुढे पुष्कळ जगली. शेवटची वर्षं माझ्याकडे लातूरला होती. दिसायचं कमी झालं होतं, बोटांच्या चिरा कधीच बुजल्या होत्या, त्यांचे वण तेवढे हाताला लागायचे. एका दुपारी तिला वेणी घालताना मी म्हणाले, "माय, तुला एक सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी जपानीसायबानं सुई मागितलीच नव्हती. हीसुई म्हणजे त्यांच्यात तो हिरवा दगड."

ती हसायला लागली. इतकी, की वेणी हातातून सुटली. "मला काय ठावं नव्हतं व्हय? म्हैनाभर माज्या कानाशी रटत व्हतीस. पांढरं त्ये शिंजू, लाल त्ये सांगो, हिरवं त्ये हीसुई. माजे कान काय खडी फोडाया गेलते?"

मी थक्क. "मग उठलीस कावून?"

"आपल्या हातानं वर ठेवलेली पेटी. आपणहून कशी काढावी? लाज वाटती. कुनीतरी मागाया पायजे व्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आन् तू कावून गप बसलीस गं? तुजं तोंड तर उघडलं व्हतं."

माझे डोळे भरून आले होते. तिला ते दिसलं नसावं, पण कळलं असावं. तिनं वण असलेला तळहात माझ्यापुढे पसरला. म्हणाली, "दे बरं हिकडं. ही सुई."

ती लाकडी पेटी माझ्या कपाटात होती. मी ती काढली, उघडली. आत मेणाच्या खड्याला टोचलेली तिची बारीक सुई होती आणि तिच्या शेजारी टवका उडालेला हिरवा मणी. दोन्हींतलं तिला काय हवंय ते मी विचारलं नाही. दोन्ही तिच्या हातावर ठेवलं, आणि तिनं मूठ मिटली.